स्वतंत्रपूरचा दाखला
‘कैद्यांच्या सुधारणेवर भर दिला तर शिक्षेचा धाकच उरणार नाही’, हा आक्षेप मला पटत नाही. औंध संस्थानात १९३९ साली, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आणि संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली, जिथे खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी उंच भिंतींवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. त्यांची शिक्षा माफ झाली नव्हती. मात्र सुटकेनंतर परतण्यासाठी घर शाबूत राहिले, आणि मला हीच यातली सर्वांत मोलाची बाब वाटते. शिवाय देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत; अपराध सिद्ध होण्यापूर्वीच त्यांच्यावर धाक बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?