मदत हवी आहे: स्पिअरमन आणि थर्स्टन बारावीला कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बारावीला मानसशास्त्र शिकवते. बुद्धिमत्तेचे सिद्धांत सुरू आहेत आणि गाडी थर्स्टनपाशी अडलीय.

स्पिअरमनचा १९०४ चा 'जी' घटक, म्हणजे सगळ्या बौद्धिक कामांमागची एकच सामान्य क्षमता, पोरांना पटतो. एका विषयात हुशार तो बहुधा दुसऱ्यातही बरा, हे ती वर्गात रोज बघतात. मग १९३८ मध्ये थर्स्टन म्हणतो, असं एकच काही नाही, सात प्राथमिक क्षमता आहेत: शाब्दिक आकलन, शब्दओघ, संख्या, अवकाश, स्मृती, बोधनवेग, तर्क. इथवर ठीक. पण पुढं या सातांच्या गुणांतही आपसात सहसंबंध निघाला (एकात जास्त गुण, तर बहुधा दुसऱ्यातही जास्त) आणि सामान्य घटक, म्हणजे तोच 'जी', मागच्या दारानं परत आला! हे सगळं, घटक विश्लेषणाचं (कोणते गुण एकत्र वर-खाली होतात त्यावरून मागचे घटक शोधायची पद्धत) गणित न काढता, कसं सांगता? पोरांनी सहसंबंध फक्त नावापुरता ऐकलाय.

बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात म्हणणाऱ्या गार्डनरला (१९८३) मात्र मी फार वेळ देत नाही. गंगावेस तालमीतला पैलवान म्हटलं की शारीरिक-गतिबोधक बुद्धिमत्ता लगेच कळते. पण उदाहरण सोपं असलं म्हणून पुरावा भक्कम होत नाही, हे कुणी सांगतच नाही. वर 'दृश्य शिकणारा, श्राव्य शिकणारा' या शिकण्याच्या शैलीही त्याच्याच नावावर खपवतात. ते वेगळं आहे, गार्डनरनं स्वतः सांगितलंय.

तर, एका तासिकेत वर्गातच करता येईल असा एखादा उपक्रम कुणी केलाय का? छोट्या चाचण्या, गुण फळ्यावर, असलं काही. मराठीत असेल तर उत्तमच. आणि कॅटेलची तरल-स्फटिक बुद्धिमत्ता (तरल म्हणजे नवे प्रश्न सोडवायची क्षमता, स्फटिक म्हणजे शिकून साठवलेलं ज्ञान) थर्स्टनच्या आधी घ्यावी की नंतर?