'प्रतिरोधक' की 'अवरोधक'? (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटचं माहितीपत्रक)

प्रश्न : या जोड-प्रतिजैविकातल्या क्लॅव्युलॅनिक आम्लाला 'बीटा-लॅक्टमेज प्रतिरोधक' म्हणावं का? आणि गोळीवरच्या '६२५'ला 'शक्ती' चालेल?

– 'प्रतिरोधक' नको. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंनाही आपण तेच म्हणतो. एका परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा गोंधळणारच. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ते पेनिसिलिनच्या रेणूतलं वलय फोडतं. क्लॅव्युलॅनिक आम्ल त्या विकराला कायमचं चिकटून ते निकामी करतं, म्हणून 'विकर-अवरोधक'. जिवाणू मारायचं काम मात्र अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनचंच.

– हे नीट लिहिलं की औषध कुठे द्यायचं तेही उलगडतं. कुत्र्या-मांजराचा चावा, दाताच्या मुळाशी पसरलेला संसर्ग, काही वेळा सायनस आणि मध्यकर्ण : इथे विकर बनवणारे जिवाणू असू शकतात. स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या घसादुखीत हा जंतू ते विकर बनवतच नाही. साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पुरतं, क्लॅव्युलॅनिक आम्ल जोडून पदरात पडतात ते जुलाब. एमआरएसएमध्ये (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूत) तर पेनिसिलिन जिथे चिकटायचं ते प्रथिनच बदललेलं असतं, तिथे अवरोधक काय करणार? व्हायरल सर्दीत दोन्हींचा उपयोग शून्य.

– 'शक्ती' हा शब्द काढाच. ६२५ म्हणजे ५०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिग्रॅ क्लॅव्युलॅनिक आम्ल. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. 'कमी शक्तीच्या दोन घेतल्या' असा हिशेब केला तर अमॉक्सिसिलिन ५०० होतं, पण क्लॅव्युलॅनिक आम्ल २५०, म्हणजे दुप्पट, आणि पोट बिघडतं. मुलांच्या २२८.५च्या सिरपातही ५ मिलीमध्ये २०० आणि २८.५ असतं. बेरीज छापायचीच असेल तर शेजारी दोन्ही आकडे हवेत.

– आणखी दोन दुरुस्त्या. 'जेवणानंतर'ऐवजी 'जेवणाच्या सुरुवातीला' लिहा : क्लॅव्युलॅनिक आम्ल चांगलं शोषलं जातं, मळमळही कमी होते. आणि 'औषध चालू असताना कावीळ झाल्यास' हे अपुरं आहे. पित्त तुंबून होणारी ही कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसते. 'औषध चालू असताना किंवा थांबवल्यावर काही आठवड्यांत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा' असं पूर्ण वाक्य घाला.