टपाल कचेरी असलेले जांभ्याचे घर: भिंतींना ओल का येते?

प्रश्न: खानापूर तालुक्यातील आमच्या आजोळच्या जुन्या घराच्या पुढच्या सोप्यात टपाल कचेरी चालते. भिंती दोन हात जाडीच्या जांभ्याच्या, वर मंगळुरी कौले. मात्र आतून सिमेंटचा गिलावा केल्यापासून दर पावसाळ्यात ओल चढते आणि पोपडे सुटतात. काय करावे?

उत्तर १: सिमेंट हेच मूळ दुखणे दिसते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो, परंतु सच्छिद्रच राहतो. त्यामुळे जोत्यातून वर चढणारे पाणी, जे चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून गेले असते, ते सिमेंटआड अडकते. गिलावा हलक्या हाताने छिन्नीने काढावा, भिंत उन्हाळाभर सुकू द्यावी आणि मगच मुरवलेल्या चुन्याचा हात द्यावा.

उत्तर २: सहमत. पण आधी पागोळ्या पाहाव्यात. त्यांचे पाणी जोत्यालगत साचत असेल, तर चुनाही हरेल. (आमच्याकडे अंगणाला उतार दिल्यावरच फरक पडला.)

प्रश्नकर्ता: पत्रपेटीमागेच ओल सर्वांत जास्त आहे आणि पागोळीही नेमकी तिथेच पडते, हे आपण लिहिल्यावर ध्यानात आले. आभारी आहे.