माल्टामधील पारंपरिक ससा: रस्सा घरी कसा शिजवावा?

प्रश्न (बिर्किर्काराकर)

नोकरीनिमित्त आम्ही माल्टामध्ये राहतो. शेजारच्या माल्टी कुटुंबाला रविवारी दुपारी जेवायला बोलावले असून, त्यांच्याच पद्धतीचा सशाचा रस्सा, म्हणजे 'स्तुफात ताल-फेनेक', करावा असे मनात आहे. खाटकाकडून सुमारे सव्वा किलोचा पाळीव ससा कलेजी व गुर्द्यांसह मिळणार आहे. मटण आणि गावठी कोंबडी मी नेहमी करते. ससा मात्र कधी शिजवलेला नाही. मांस रात्रभर वाईनमध्ये मुरत ठेवणे आवश्यक आहे का, कुकर चालेल का, आणि आले-लसणाचे वाटण व थोडा गरम मसाला घातला तर पाहुण्यांना खटकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (मंदआच)

आधी मांसाविषयी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मटणाप्रमाणे ते स्वतःच्या चरबीत मऊ होत नाही; मोठ्या आचेवर ठेवले की आधी आक्रसते आणि मग कोरडे पडते. खाटकाला सुऱ्याने सरसकट तुकडे करू देऊ नका. सशाची हाडे बारीक असतात, ती फुटून त्यांच्या टोकदार कपच्या रश्श्यात उतरतात आणि जेवताना तोंडात येतात. म्हणून तुकडे सांध्यावर सोडवून घ्यावेत. पाठीच्या मांसावर एक पांढरट, चकचकीत पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकाने उचलून ओढून काढावा, नाहीतर शिजताना तो आवळतो आणि तुकडा वाकडा होतो.

मुरवण्यासाठी दीड-दोन पेले तांबडी वाईन, आठ-दहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन-तीन 'बे'ची पाने पुरतात. येथे एक सावधगिरी बाळगावी: भारतातून आणलेले तमालपत्र वापरू नये. ते दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याचा वासही तिकडेच झुकतो. भूमध्य सागराकाठचे पान वेगळ्या झाडाचे असून त्याच्या मधोमध एकच ठळक शीर असते, तर आपल्या पानावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात.

दुसऱ्या दिवशी मांस निथळून स्वच्छ कापडाने अगदी कोरडे करावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्ह तेलावर, थोडे थोडे तुकडे घेऊन, सर्व बाजूंनी तांबूस परतून बाजूला काढावे. त्याच तेलात दोन मोठे कांदे मऊ होईपर्यंत परतून, टोमॅटोचा घट्ट अर्क (येथे त्याला 'कुन्सेर्वा' म्हणतात) दोन मोठे चमचे घालून तो गडद होईपर्यंत हलवावा, मग मुरवणाची वाईन ओतून ती निम्म्यावर येऊ द्यावी. त्यानंतर मागच्या तंगड्या आणि पुढचे पाय घालून, ते जेमतेम बुडतील इतके गरम पाणी घालावे व झाकण किंचित तिरके ठेवून अगदी मंद आचेवर शिजू द्यावे. पाठीचे तुकडे पाऊण तासाने घालावेत, कारण तेच सर्वांत आधी कोरडे पडतात. गाजर आणि बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात, मटार शेवटच्या दहा मिनिटांत. एकूण दीड ते दोन तास लागतात. तंगडीचे मांस काट्याने सहज सुटू लागले की झाले.

उत्तर २ (कुकरविरोधी)

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु रात्रभर मुरवण्याचा आग्रह पाळीव सशासाठी धरू नये, असे माझे मत आहे. रानटी सशाचा उग्र वास आणि चिवटपणा कमी करण्यासाठी ती पद्धत उपयोगी आहे; कोवळ्या पाळीव सशाला तीन-चार तास पुरतात.

कुकर टाळावा. त्यात मांस शिजेल यात शंका नाही, पण पाठीच्या तुकड्यांचे दोरे होतील, आणि झाकण घट्ट बसल्यामुळे रस्सा आटणार नाही. या पदार्थाची खरी चव तर त्या आटण्यातच आहे. आले आणि गरम मसाला यांनाही येथे जागा नाही. चवीला मीठ, काळी मिरी आणि हवे असल्यास चिमूटभर जायफळ एवढेच पुरे. ज्यांच्या घरी हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होतो, त्यांना तो आपल्या मसाल्यात खाऊ घालायचा असेल तर वेगळा बेत करावा आणि त्याला सरळ 'सशाचे मटण' म्हणावे.

उत्तर ३ (इतिहासवेडा)

पाककृतीत भर घालण्याइतका माझा अधिकार नाही, परंतु वाढण्याच्या पद्धतीकडे लक्ष वेधतो. सशाच्या मेजवानीला माल्टामध्ये 'फेन्काता' म्हणतात आणि तिचे सहसा दोन भाग असतात: आधी सशाच्या रश्श्यात कालवलेली स्पगेटी आणि त्यानंतर प्रत्यक्ष मांस, बरोबर तळलेले बटाटे व पाव. इम्जार हे गाव अशा जेवणासाठी प्रसिद्ध आहे. २९ जूनच्या इम्नार्या या सणाला, त्याच्या आदल्या रात्रीपासूनच, रबातजवळच्या बुस्केटच्या झाडीत लोक जमतात आणि ससा खातात.

या आवडीला राजकीय किनारही आहे. संत जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाने, १५३० ते १७९८ या काळात बेटांवर राज्य केले आणि शिकारीवर त्यांनी वेळोवेळी निर्बंध घातले. ग्रँड मास्टर (संघाचा प्रमुख) हिमेनेस याच्या कारकिर्दीत शिकारबंदी आणि धान्याची महागाई यांमुळे असंतोष वाढला आणि सप्टेंबर १७७५ मध्ये धर्मगुरूंच्या पुढाकाराने उठाव झाला. तो मोडून काढण्यात आला, हे खरे. पण सशाचे जेवण येथे राष्ट्रीय अभिमानाने का वाढले जाते, हे त्यावरून थोडे उमगते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (बिर्किर्काराकर)

सर्वांचे आभार. कुकर आणि गरम मसाला दोन्ही रद्द. आता दोनच शंका: कलेजी कधी घालावी, आणि स्पगेटीसाठी वेगळा रस्सा करावा लागतो का? शिवाय पाहुण्यांपैकी आजोबा वाईन वर्ज्य करतात.

उत्तर ४ (मंदआच)

वेगळा रस्सा करण्याची गरज नाही. मांस शिजल्यावर पातेल्यातला साधारण तिसरा हिस्सा रस्सा लहान भांड्यात काढावा, कलेजी व गुर्दे बारीक चिरून त्यात पाच-सात मिनिटे शिजवावेत आणि त्यात स्पगेटी कालवावी. कलेजी सुरुवातीपासून घातली तर ती रवाळ होते आणि रश्श्याला कडवट चव येते. स्पगेटी उकळलेले पाणी वाटीभर राखून ठेवावे. रस्सा फार दाट वाटल्यास तेच घालावे.

वाईन उकळून आटली तरी तिचा अंश राहतो, त्यामुळे आजोबांसाठी दोन तुकडे वेगळ्या भांड्यात, कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात चमचाभर द्राक्षाचे व्हिनेगर घालून शिजवावेत. चव तीच येणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेले बरे. हा रस्सा शनिवारी संध्याकाळी करून ठेवल्यास रविवारी अधिक मुरलेला लागतो. मटार तेवढे वाढण्यापूर्वी, गरम करताना घालावेत.