ईएससी ट्रॅक्टरला, मग शेवटच्या ट्रेलरचं काय?

घाटवाट: अमेरिकेत २०१५ च्या नियमाने नव्या अवजड ट्रॅक्टरना (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला) ईएससी, म्हणजे गाडी घसरू-उलटू लागली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, सक्तीची झाली. तीन आसांच्या बहुतेक ट्रॅक्टरना ती ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे. चांगलंच झालं, पण मागचे ट्रेलर या नियमातून सुटले. २८ फुटी ट्रेलर डॉलीने (दोन ट्रेलरमधला चाकांचा सुटा जोडगाडा) एकामागे एक जोडले की स्टिअरिंगचा छोटा हिसका चाबकासारखा मागे वाढत जातो. दोन ट्रेलर असतील तर शेवटच्याला तो दीडपट-दुप्पट बसतो, तीन असतील तर आणखी. सेन्सर मात्र ट्रॅक्टरवर. मागची चाकं उचलली जात असताना पुढे सगळं ठीकच दिसतं! रोल स्टॅबिलिटी, म्हणजे उलटणं रोखायला ब्रेक लावणारी यंत्रणा, प्रत्येक ट्रेलरवर हवी. युरोपात एअर सस्पेन्शनच्या (हवेच्या फुग्यांवर तोललेल्या) नव्या जड ट्रेलरना ती लागतेच.

डावी लेन: असहमत. अमेरिकेत इंडियाना टोल रोडवर सहा वर्षं रात्री डबल, म्हणजे दोन ट्रेलर, ओढतोय. ट्रेलर आणि डॉली रोज बदलतात, कुठल्या ट्रेलरची यंत्रणा चालू आहे हे कोण तपासणार? जड ट्रेलर पुढे, हलका मागे, हे पाळलं तरी बरीच काळजी मिटते. एकदा यार्डात उलटं जोडलं होतं. मी गाडी हलवली नाही, पुन्हा जोडायला लावलं. पाऊण तास गेला, बोलणीही खाल्ली. हायवेवरून उतरणाऱ्या वळणदार रॅम्पवर वेग फारच जास्त असेल तर कुठलंच यंत्र वाचवत नाही.

घाटवाट: ट्रेलर बदलतात म्हणूनच सगळ्यांवर हवं ना? १९९८ मध्ये नव्या ट्रेलरना आणि डॉलींना एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, तेव्हाही ते असेच बदलत होते. आणि वजन बरोबर असलं तरी समोर अचानक गाडी आली की स्टिअरिंग फिरतंच.

तिसरा सांधा: मूळ दुखणं डॉलीत आहे. कॅनडात बी-ट्रेन चालतात, पहिल्या ट्रेलरच्या शेपटीवरच दुसऱ्याचं फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची फिरती तबकडी), मधे डॉली नाही. एक सांधा कमी, हेलकावा कमी. पार्सलवाल्यांना ते नको, कारण ट्रेलर झटपट सोडून माल उतरवायच्या धक्क्याला लावता येत नाही.

उसाचं कांडं: आमच्या सांगली-कोल्हापुरात गळीत हंगामात शेतीच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. आधी ब्रेक द्या, सेन्सर नंतर.

डावी लेन: @घाटवाट एबीएसचा मुद्दा मान्य. पण सक्ती नव्या ट्रेलरनाच होईल, जुने वर्षानुवर्षं ओढावे लागतील. तोवर प्रत्येक ट्रेलरच्या वजनाची पावती निघण्याआधी ड्रायव्हरच्या हातात द्या.