आकाशगंगेच्या चकतीबाहेर दुर्बीण का नेऊ नये?

निशाचर: एप्रिलच्या अमावास्येला पहाटे तीनला भंडारदऱ्याच्या बांधावर होतो. वृश्चिकाच्या नांगीपासून धनूपर्यंत आकाशगंगेचा पट्टा लख्ख, आणि त्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. ती धूळ. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशातला लाख कोटींत एखादा कण इथवर पोचतो. मग एक दुर्बीण तिच्या चपट्या चकतीच्या वर नेऊन ठेवा की!

हिशेबनीस: ठेवा, पण गाडी कुठली? व्हॉयेजर-1 यान निघालं 1977 ला. सेकंदाला 17 किमी, तरी एक प्रकाशवर्ष कापायला त्याला साडेसतरा हजार वर्षं लागतात. चकती साधारण हजार प्रकाशवर्षं जाड, आपण त्या जाडीच्या जवळजवळ मध्यावर. 500 प्रकाशवर्षं वर जायला 88 लाख वर्षं. फोटो खाली यायला आणखी 500 वर्षं.

नारायणगावकर: आणि गरज तरी काय? आमच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत. रेडिओ लहरींना ही धूळ आडवी येत नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने असंच आकाशगंगेआड दडलेल्या 883 दीर्घिका टिपल्याचं जाहीर झालं, त्यातल्या तिसरा हिस्सा तर कोणी पाहिलेल्याच नव्हत्या. आकाशगंगेबाहेरचंच बघायचं तर अरुंधती केश या तारकासमूहाकडे मान वळवा, तिकडे धूळ विरळ.

निशाचर: तुम्ही बाहेरचं बोलताय, मला आपलंच घर बघायचंय. एम-51 या दुसऱ्या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा फोटोत शाळकरी पोरगंही मोजेल. आपल्या मुख्य भुजा दोन की चार, यावर अजून वाद! माजघरात बसून छपराची कौलं मोजायची म्हणजे हेच होणार.

हिशेबनीस: मग 500 प्रकाशवर्षांनी भागत नाही. चकतीचा व्यास लाखभर प्रकाशवर्षं. 500 वरून बघणं म्हणजे पाटावर उभं राहून अख्खं पुणे बघणं. गाया या अवकाश दुर्बिणीने पृथ्वीपासून 15 लाख किमीवरून जवळपास 200 कोटी ताऱ्यांची नोंद केली, नकाशा तसाच होणार. किचकट, पण होणार.

चांदोबा: चकती सोडा हो. आपल्या सूर्यमालेतही धूळ आहेच, तिच्यामुळे पृथ्वीजवळून आभाळ कधी पुरतं काळं दिसत नाही. न्यू होरायझन्स यानाने प्लूटोपलीकडून मोजलं, तर पृथ्वीजवळच्या हबल दुर्बिणीला दिसतं त्याच्या दहापट काळं! तिथे एक बरी दुर्बीण धाडा, म्हणजे झालं.

निशाचर: चालेल. हिशेबनीस, याचाही हिशेब करा.

हिशेबनीस: न्यू होरायझन्स 2006 ला निघालं, 2015 ला प्लूटो. साडेनऊ वर्षं. याला माझी ना नाही.