झटका मशीनचा जोर गेला: दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचं वावर चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या बफरला लागून. कोठ्यात शेळ्या आणि राखणीची दोन कुत्री आहेत. बिबट रात्री कुत्र्यांसाठीच गावात शिरतो, म्हणून कोठ्याला जाळी आणि जाळीबाहेर वीतभर अंतरावर झटक्याच्या तारा लावल्या आहेत. जाळीच अर्थिंगच्या रॉडला जोडली आहे. त्यामुळे उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली, तरी तार आणि जाळी दोन्हीला अंग लागलं की झटका बसतोच.

तारांना ठोक्याठोक्याने झटका देणारी ही मशीन साधी, स्वस्तातली, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. टेस्टरवर पूर्वी सात हजार व्होल्टच्या आसपास दाखवायची, आता दोन हजारांच्या वर जात नाही. आधी वाटलं, पावसात वाढलेलं गवत तारेला टेकलं असेल. ते कापलं, इन्सुलेटर पुसले. मग तार मशीनपासून पूर्ण सोडवून पाहिली, तरी तेवढंच. म्हणजे दोष आतलाच. बॅटरी चालू मशीनवरही १२.४ दाखवते.

टिक-टिक मात्र जुन्याच लयीत आहे. टायमिंगचा भाग आणि थायरिस्टर (ठोका सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालत असावेत, म्हणून माझा संशय कपॅसिटरवर आहे. तो साठवलेली वीज एकदम ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. त्याची क्षमता घटली की ठोका वेळेवर पडतो, पण त्यात दम राहत नाही. पण त्या ट्रान्सफॉर्मरचे (ठोक्याचं व्होल्टेज वाढवणाऱ्या पल्स ट्रान्सफॉर्मरचे) वेढे आतल्या आत शॉर्ट झाले तरी असंच होणार, आणि साध्या मल्टिमीटरवर ते कळत नाही. या दोन्हींतला फरक घरी कसा ओळखायचा?

गावातला मेकॅनिक म्हणतो, पंख्याचा किंवा मोटारीचा कपॅसिटर टाकून देतो. माझं मन धजत नाही. तो एसीसाठी बनलेला. दर सेकंदाला एका दणक्यात रिकामं होणं त्याला किती दिवस झेपेल? कोणी लावून पाहिला असेल तर नक्की लिहा. (कोणी मशीन उघडणार असाल तर बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो, आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करा.)

नवीच घ्यायची तर एवढ्याशा कोठ्याला किती ज्यूलची पुरे? शेळ्यांची पिल्लं आणि घरची लेकरं तिथेच वावरतात, म्हणून झटका मशीनसाठीच्या आयएस ३०२-२-७६ या भारतीय मानकाचीच घ्यायचा विचार आहे. ते मानक एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलवर रोखतं.

"तोवर लाइनीवरून थेट तार जोड" असा सल्ला कृपया कोणी देऊ नका. २३० व्होल्टचा अखंड करंट धरून ठेवतो, सोडत नाही. आपल्या भागात अशा तारांनी शेतकरीही गेले आणि वाघही.

जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, ते शेतासाठी. एकट्या कोठ्यासाठी कोणाला मिळालं आहे का? आणि वरोरा, उमरेड किंवा नागपूरकडे झटका मशीनचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) दुरुस्त करणारं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.